काच आपली, दोर कोणाचा?

ऑगस्ट २०२० मध्ये गुजरात सरकारने अहमदाबाद, वडोदरा, सुरत, राजकोट आणि गांधीनगर या पाच शहरांत ७० मजल्यांच्याही वर इमारती बांधू देण्याचे धोरण जाहीर केले. तोवर आपल्याकडे मर्यादा होती ती ७० मीटरची, म्हणजे साधारण २२-२३ मजल्यांची. पुढे १०० मीटरहून उंच इमारतींसाठी वेगळे नियमही आले. भूखंड किती मोठा हवा, बांधकाम किती पट करता येईल, आराखड्याची तपासणी कोणती समिती करील, याची चर्चा त्या वेळी वर्तमानपत्रांतून भरपूर झाली. यादीत वडोदऱ्याचे नाव आहे म्हणून आपल्यापैकी अनेकांना आनंदही झाला. आम्हांला उंच इमारतींचे वावडे नाही. जमीन महाग झाली, वस्ती वाढली, तेव्हा शहर वर जाणारच. पण एक साधा प्रश्न त्या चर्चेत कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही. या इमारतींच्या काचा बाहेरून पुसणार कोण, कशाच्या आधाराने, आणि तो खाली पडला तर उत्तर द्यायचे कोणी?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. बिल्डर म्हणतो, देखभाल ही ताबा दिल्यानंतरची गोष्ट. आर्किटेक्ट म्हणतो, ते सोसायटी बघेल. सोसायटी म्हणते, आम्ही ठेका दिला आहे. ठेकेदार म्हणतो, माणसे रोजाने आणली होती. आणि तो रोजाने आलेला माणूस बाराव्या मजल्याच्या काचेसमोर एका दोराला लोंबकळत असतो. या साखळीत प्रत्येकाला हात वर करता येतात, त्या एकट्याला मात्र दोर सोडता येत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की काच ज्याची, ती पुसणाऱ्याच्या जिवाची जबाबदारीही त्याचीच. ठेका दिल्याने ती संपत नाही, आणि इमारत उभी राहण्याआधीच ती कागदावर यायला हवी.

आपल्या समाजाने यात लक्ष का घालावे, तेही सांगतो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतले वाडे सोडून आपली कितीतरी कुटुंबे गेल्या ४०-५० वर्षांत सुभानपुरा, इलोरा पार्क, गोरवा, गोत्री या बाजूला आली. आधी बंगले आणि टेनामेंट, मग तीन मजली फ्लॅट, आणि आता लिफ्टच्या इमारती असा हा प्रवास आहे. २०१८ मध्ये गुजरात ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात दुरुस्ती झाली आणि २५ वर्षे जुनी इमारत ७५ टक्के सभासदांच्या संमतीने पाडून नवी बांधण्याचा मार्ग मोकळा झाला. सुभानपुऱ्यातल्या जुन्या सोसायट्यांत पुनर्विकासाची बोलणी हा आता नेहमीचा विषय आहे. त्या सोसायट्यांच्या कमिटीत प्रमुख, मंत्री, खजिनदार म्हणून आपलीच माणसे बसलेली असतात. करारावर सह्या त्यांच्या आणि ठेकेदाराच्या चेकवर सह्याही त्यांच्याच. म्हणजे हा विषय मुंबईच्या नरीमन पॉइंटचा किंवा दुबईचा राहिलेला नाही, तो आपल्या दारात आला आहे.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न नव्हता, कारण खिडकी बांधतानाच तो सुटलेला असे. वाड्याच्या खिडकीची लाकडी झडप आत उघडे, आणि घरातली बाई ओल्या फडक्याने ती आतूनच पुसून घेई. संस्थानच्या काळातल्या मोठ्या इमारतींनाही व्हरांडे, सज्जे, गॅलऱ्या होत्या. त्यांचा पहिला उपयोग उन्हापासून बचावाचा, पण त्यांच्यामुळे बऱ्याच खिडक्यांपाशी माणसाला पायांनी चालत जाता येई. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या दरबार हॉलच्या बेल्जियन रंगीत काचा आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. काच तेव्हाही होती, पण अख्खी भिंतच काचेची करण्याची पद्धत नव्हती. गेंडा सर्कल, रेसकोर्स, गोत्री रोड या बाजूला आज जी व्यापारी संकुले उभी आहेत, त्यांची काच बहुधा न उघडणारी असते, कारण आत एअरकंडिशनर असतो. न उघडणारी काच बाहेरूनच पुसावी लागते. विटांच्या भिंतीवर बसलेली धूळ दिसत नाही, काचेवर ती चार दिवसांत दिसते. त्यातून बोअरचे जड पाणी वापरले की सुकल्यावर पांढरे डाग पडतात आणि काम पुन्हा करावे लागते. उत्तरायण झाले की अडकलेले पतंग आणि मांजा काढायला पुन्हा कोणीतरी वरून खाली उतरायचेच.

हे काम होते कसे, हे पुष्कळांनी खालून पाहिले असेल पण समजून घेतले नसेल. दोन प्रकार आहेत. एक पाळण्याचा. गच्चीवर लोखंडी हात आणि वजनाचे ठोकळे ठेवून त्यावरून तारेच्या दोरांनी पाळणा खाली सोडतात आणि त्यात उभे राहून दोन माणसे काम करतात. दुसरा दोराचा. माणूस हार्नेस घालून छोट्या फळीवर बसतो आणि बादली व वायपर घेऊन एका दोरावरून हळूहळू खाली येतो. नीट पद्धत अशी की दोर दोन हवेत. एक कामाचा, दुसरा केवळ जीव वाचवण्याचा. दोन्ही गच्चीवर वेगवेगळ्या मजबूत कड्यांना बांधलेले. कठड्याच्या धारेवर दोर घासू नये म्हणून खाली गादी किंवा जाड पट्टा. गच्चीवर एक माणूस सतत हजर, खाली जागा दोरी बांधून मोकळी ठेवलेली. वारा वाढला की काम बंद. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पडलेला माणूस दुसऱ्या दोराने अडला तरी तो नुसता लोंबकळत राहिला तर पायांत रक्त साकळून काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. म्हणून त्याला लगेच खाली किंवा वर घेण्याची तयारी आधीच असावी लागते. अग्निशमन दलाला फोन करून वाट बघणे ही तयारी नव्हे.

आता यातली मजबूत कडी कुठून येणार? ती बांधकामाच्या वेळीच काँक्रीटमध्ये बसवावी लागते आणि ती किती भार पेलते हे इंजिनीअरने लिहून द्यावे लागते. ज्या इमारतीत ती नाही, तिथे दोर पाण्याच्या टाकीच्या खांबाला, लिफ्टच्या खोलीला, नाहीतर जे हाताशी सापडेल त्याला बांधावा लागतो. माणसाचा जीव मग गवंड्याने कोणत्या दिवशी किती सिमेंट घातले होते यावर टांगलेला असतो.

दुबईची बुर्ज खलिफा ही ८२८ मीटर उंच इमारत जानेवारी २०१० मध्ये खुली झाली. तिच्या सगळ्या काचा एकदा पुसायला साधारण तीन महिने लागतात असे सांगतात. त्यासाठीची यंत्रे आणि ती फिरवणारे रूळ इमारतीच्या अंगातच बसवलेले आहेत, म्हणजे नकाशा काढतानाच काच पुसण्याचा विचार झाला होता. न्यूयॉर्क राज्यात खिडक्या पुसणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी कामगार कायद्यात स्वतंत्र कलम आहे आणि तिथल्या कामगारांची युनियन आहे. तरीही अपघात होतात. डिसेंबर २००७ मध्ये मॅनहॅटनमधल्या ४७ मजली इमारतीवरून पाळणा निसटला आणि खिडक्या पुसणारे दोघे सख्खे भाऊ खाली कोसळले. एक गेला, दुसरा वाचला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटले. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच शहरात नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर ६८व्या मजल्याच्या आसपास पाळण्याची एक तार ढिली पडून तो उभाच तिरका झाला. आत दोन माणसे होती. अग्निशमन दलाने आतून काच कापून दोघांना सुखरूप आत घेतले. पहिल्या घटनेत एक माणूस नशिबाने वाचला, दुसऱ्या घटनेत दोघे व्यवस्थेमुळे वाचले. आपल्याला चमत्काराच्या भरवशावर इमारती बांधायच्या आहेत का, हे ठरवले पाहिजे.

आपल्याकडचे दाखले दूरचे नाहीत. १४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाजवळ बांधकाम चालू असलेल्या इमारतीत उंचावरून कोसळून सात मजूर मरण पावले. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याच्या बाळकुम भागात ४० मजली इमारतीच्या छतावरचे वॉटरप्रूफिंगचे काम उरकून खाली येणारे कामगार लिफ्ट कोसळल्याने गेले, तेही सात. ही दोन्ही कामे काच पुसण्याची नव्हती, पण माणसे त्याच जातकुळीच्या कामावरची होती: उंचावर, ठेकेदाराच्या हाताखाली, परगावाहून आलेली. सात जण एकदम गेले म्हणून त्यांची मोठी बातमी झाली. काच पुसणारा एकटा पडतो, त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी संपते.

मग कायदा काय करतो? कायदा आहे, पण त्याच्या जाळ्याची भोके मोठी आहेत. इमारत बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्यात केवळ नवे बांधकाम नव्हे तर दुरुस्ती आणि देखभालही धरलेली होती. २०२० मध्ये संसदेने चार कामगार संहिता पुऱ्या केल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि १९९६चा कायदा त्यांत विलीन झाला. नव्या व्याख्येतही देखभाल आहे. पण दहापेक्षा कमी कामगारांचे काम त्यातून वगळलेले आहे, आणि एखाद्या व्यक्तीचे किंवा व्यक्तिसमूहाचे स्वतःच्या राहत्या घराचे ५० लाखांपर्यंतचे कामही वगळलेले आहे. आता सोसायटीच्या काचा पुसायला येतात ती चार माणसे आणि बिल होते काही हजारांचे. म्हणजे दोन्ही दारांतून ती बाहेर. ठेका कामगारांच्या तरतुदी पूर्वी २० कामगारांपासून लागू होत, आता ५० पासून होतात. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र देण्याचे नव्या संहितेत आले आहे, ही गोष्ट चांगली. पण सकाळी नाक्यावरून उचलून आणलेल्या माणसाला ते पत्र कोण देणार?

नुकसानभरपाईचे बघू. १९२३च्या कायद्यात, जो आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकरवी करवून घेतो त्याच्याकडूनही भरपाई मागण्याची सोय होती, आणि ते तत्त्व पुढेही चालू आहे. दुकाने, ऑफिसे, दवाखाने, बँका यांना ते लागू पडते. राहती सोसायटी हा धंदा आहे की नाही यावर मात्र वकील वाद घालू शकतात, आणि त्या वादात विधवेची वर्षे जातात. रकमेचा हिशेब असा: त्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून महिन्याचे वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाई. त्याच्या निम्मे ७,५००, आणि २५ वर्षांच्या माणसासाठी गुणक २१६.९१. गुणाकार १६,२६,८२५ रुपये. आकडा कागदावर बरा दिसतो. पण तो मिळायचा तर त्या माणसाला कामावर कोणी ठेवले होते, रोज किती होता, वय काय होते, हे सिद्ध करणारा कागद हवा. आम्ही बँकेत कारकुनी करतो. घरकर्जाच्या फाइलमध्ये टायटल क्लिअर, मंजूर नकाशा, बी.यू. परवानगी, इमारतीचा विमा असे सगळे कागद लागतात. काँक्रीटचा विमा बघणारे सगळेच आहेत, त्या काँक्रीटवर लोंबकळणाऱ्याच्या विम्याचा कागद कोणत्याच फाइलमध्ये नसतो.

गटारात उतरणाऱ्या माणसाशी याची तुलना करून पाहावी. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ मध्ये आणि नंतर २०१३ मध्ये कायदे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मृत्यू आल्यास १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. मृत्यू थांबले नाहीत हे खरे, पण निदान त्या मरणाला नाव मिळाले आणि जबाबदार कोण हे ठरले. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला लटकणाऱ्या माणसाचे मरण अजून 'अपघाती' या एका शब्दात संपते. एक जण जमिनीच्या खाली जातो, दुसरा वर. साफसफाई करणाऱ्याकडे न बघण्याची आपली सवय दोघांच्याही वाट्याला येते. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत आले आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. त्या आठवणीचे शहर आपले आहे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात तेच देशाच्या कामगार खात्याचे सदस्य होते. कामगाराच्या जिवाचा विषय या शहरात काढताना ही आठवण ठेवावी.

ठेका देऊन जबाबदारी संपते असे मानले की काय होते, याचा धडा वडोदऱ्याने १८ जानेवारी २०२४ रोजी घेतला आहे. हरणीच्या तलावात बोट उलटून सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. तलाव सार्वजनिक, चालवायला ठेकेदार, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे, आणि अंगावर लाइफ जॅकेट असलेली मुले थोडी. त्यानंतर चौकशा झाल्या, अटका झाल्या, कोर्टात प्रश्न विचारले गेले. बैल गेला आणि झोपा केला. ज्या गोष्टी नंतर विचारल्या गेल्या त्याच आधी एका कागदावर लिहून घेतल्या असत्या तर? काचांच्या बाबतीत तो 'आधी' अजून आपल्या हातात आहे.

आणि ठेकेदारापर्यंत तरी कशाला जायचे? आपल्या घरातच बघा. दिवाळीची साफसफाई निघाली की चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या सरकत्या खिडकीची बाहेरची बाजू पुसायला कामवाल्या बाईंना सांगितले जाते. ती बाई एक पाय छज्जावर आणि एक हात खिडकीच्या चौकटीला, अशी उभी राहते. घरातली मंडळी चहा घेत असतात. सिंगापुरात घरकाम करणाऱ्या परदेशी बायका अशाच खिडक्या पुसताना पडून मेल्या, तेव्हा तिथल्या सरकारने २०१२ मध्ये नियम केला की खिडकीला जाळी असून ती बंद असल्याशिवाय आणि घरमालक समोर उभा असल्याशिवाय बाईकडून बाहेरची काच पुसून घ्यायची नाही. हाँगकाँगमध्ये २०१७ पासून घरकामाच्या करारातच असे कलम आहे, की जाळी बंद हवी आणि हाताखेरीज शरीराचा कोणताही भाग खिडकीबाहेर जाता कामा नये. आपल्याकडे सरकारने असा नियम करण्याची वाट बघायची गरज नाही. लांब दांड्याचा वायपर बाजारात मिळतो, आणि न मिळाला तर काच मळकी राहू द्यावी. मळक्या काचेने कोणाच्या घरची लक्ष्मी परत गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

यावर आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला, खर्च वाढेल. वाढेल. पण तो ४०-५० किंवा १०० घरांत वाटला जातो, आणि वर्षातून चार वेळा काच पुसण्याऐवजी दोनदा पुसली तर तोही निघून येतो. दुसरा, ती माणसे स्वतःच पट्टा घालत नाहीत. खरे आहे. पट्ट्याने काम हळू होते आणि पैसे मिळतात ते कामाच्या उरकावर. ज्या दिवशी पैसे पट्ट्यासकट कामाचे मिळतील त्या दिवशी ती घालतील. तिसरा, नियम वाढवले तर गरिबांचा रोजगार जाईल, सगळे यंत्राने करतील. यंत्रे येतील तेव्हा येतील. तोवर जो माणूस लटकतो आहे त्याला दुसरा दोर दिल्याने त्याचा रोजगार जात नाही.

आणि नियम पाळणे आपल्या समाजाला नवे आहे असेही नाही. कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी, तेव्हाची आयपीसीएल, अलेम्बिक येथे आपल्या दोन पिढ्यांनी नोकऱ्या केल्या. तिथे जमिनीपासून माणूसभर उंचीच्या वर चढायचे तर हाइट परमिट लागते, ते कोण सही करतो, पट्टा कोण तपासतो, हे आपल्यातल्या निवृत्त फोरमनला आणि इंजिनीअरला झोपेतही सांगता येईल. तीच मंडळी आज सोसायटीच्या कमिटीवर आहेत. कंपनीत जो माणूस परमिटशिवाय कोणाला शिडी चढू देत नसे, त्याने घराच्या गच्चीवरून परक्या मुलाला एका दोरावर उतरू द्यावे हे पटण्यासारखे नाही. कंपनीत मागे फॅक्टरी इन्स्पेक्टर होता, सोसायटीत कोणी नाही, एवढाच फरक.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत.

पहिली, पुनर्विकासाच्या किंवा नव्या फ्लॅटच्या करारात काचेचे कलम असावे. एकतर सगळ्या खिडक्या आतून पुसता येतील अशा हव्यात, नाहीतर गच्चीवर कड्या किंवा पाळण्याची सोय आणि ती किती भार पेलते याचे स्ट्रक्चरल इंजिनीअरचे प्रमाणपत्र हवे. रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बिल्डरवर असते. कडी करारात लिहिलेली असेल तरच त्या पाच वर्षांचा उपयोग.

दुसरी, प्रत्येक सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करावा. काच, रंग, पाइप किंवा एअरकंडिशनर, काम कोणतेही असो, इमारतीच्या बाहेरच्या अंगाने माणूस उतरणार असेल तर दोन दोर, आयएस ३५२१चा शिक्का असलेला पट्टा, गच्चीवर एक माणूस, खाली मोकळी जागा आणि त्या माणसांच्या नावानिशी विम्याचा कागद, हे असल्याशिवाय गच्चीची किल्ली द्यायची नाही. त्यांची नावे, वय, रोज आणि घरच्यांचा फोन सोसायटीच्या रजिस्टरमध्ये लिहायचा. वारा, पाऊस आणि मे महिन्याची दुपार, या वेळी काम नाही.

तिसरी महानगरपालिकेकडे. उंच इमारतीच्या नकाशाबरोबर ती बाहेरून साफ कशी होणार याचा आराखडा मागावा, आणि कड्यांचे प्रमाणपत्र आल्याशिवाय बी.यू. परवानगी देऊ नये. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत इमारतीच्या देखभालीवर स्वतंत्र भाग आहे, पण ती संहिता मार्गदर्शक आहे. तिला बंधनकारक करणे स्थानिक नियमांच्या हातात आहे.

चौथी राज्य सरकारकडे. उंचावर लटकून करण्याच्या कामाला कामगारांच्या संख्येची अट नसावी. एक माणूस लटकत असला तरी कायदा लागू व्हावा आणि ज्याची इमारत तो मूळ मालक धरला जावा. या कामाचे थोड्या दिवसांचे शिक्षण सुभानपुऱ्याला लागूनच असलेल्या गोरव्याच्या आयटीआयमध्ये देता येईल. १८९० मध्ये हाताच्या कामाला विद्येचा मान देण्यासाठी ज्या शहरात कलाभवन निघाले, त्या शहराला हे अवघड वाटू नये. वर्षात ९० दिवस बांधकामाचे किंवा देखभालीचे काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला कल्याण मंडळात नाव नोंदवता येते. दोरावरच्या माणसांची ती नोंद व्हावी यासाठी ठेकेदाराला भाग पाडावे.

आपले पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर या शहरात आले, तेही परगावाहून पोटासाठीच. आज दाहोदहून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून जी पोरे येतात त्यांना अजून ना ओटला आहे ना ओळख. त्यांची बाजू मांडायला महानगरपालिकेत कोणी नगरसेवक उभा राहणार नाही, कारण त्यांचे मत इथे नाही. आपले आहे. तेव्हा मते मागायला जो कोणी येईल, त्याचा पक्ष कोणताही असो, त्याला रस्ता, गटार, पाणी या यादीत हाही प्रश्न विचारावा.

मंडळाच्या निवृत्त इंजिनीअर सभासदांनी सोसायट्यांसाठी एका पानाचा नमुना ठराव तयार करून द्यावा, अशी आमची विनंती आहे. मजकूर मराठीत आणि गुजरातीत, दोन्हींत असावा, म्हणजे शेजारच्या सोसायट्यांनाही उपयोग होईल. ज्या सभासदांच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत त्यांनी आपल्या कराराचा मसुदा सही करण्याआधी काचेच्या कलमासाठी एकदा वाचून घ्यावा. सही झाल्यावर ते कलम घालता येत नाही.